पोपचा पोशाख आणि गॅलिलिओची मुलगी

प्रश्न : जर्मन नाटककार ब्रेख्तच्या नाटकावरचा जोसेफ लोझीचा 'गॅलिलिओ' (१९७५) हा चित्रपट पाहिला. पोपला कपडे चढवण्याचा प्रसंग एवढा का रेंगाळतो? आणि गॅलिलिओच्या मुलीचं, व्हर्जिनियाचं, लग्न खरंच मोडलं होतं?

उत्तर : त्या प्रसंगात कपडेच बोलतात. सुरुवातीला अंगावर फारसं काही नसलेला पोप बार्बेरिनी, स्वतः गणिताचा जाणकार, गॅलिलिओच्या केसालाही धक्का लावू देत नाही. एकेक वस्त्र चढतं, तसतसा माणूस आत दडतो आणि पद वर येतं. पूर्ण पोशाखात तो 'छळाची हत्यारं फक्त दाखवा' इथवर उतरतो. घाईत उरकला तर हा प्रसंग पार फसतो. संवादापेक्षा वस्त्रांचा क्रम बघा.

लग्नाची गोष्ट मात्र ब्रेख्तची. खरी व्हर्जिनिया कोवळ्या वयातच मठात गेली, मारिया चेलेस्ते झाली आणि १६३४ मध्ये वारली. म्हणजे नाटकातल्यासारखी म्हाताऱ्या बापावर पाळत ठेवायला ती नव्हतीच. पृथ्वी सूर्याभोवती फिरते या मतावरून गॅलिलिओने २२ जून १६३३ला घेतलेली माघार खरी. नाटकाच्या शेवटी सीमेपार जाणारं गॅलिलिओच्या पुस्तकाचं हस्तलिखितही अगदीच हवेतलं नाही: ते पुस्तक १६३८ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला छापलं गेलं.