"दादा, जागा आहेस का?"

वस्तीत, कॉलेजात पोरांसोबत काम करायला लागलेली नवी माणसं पहिल्या महिन्यातच मला विचारतात, "मुलं इन्स्टावर रिक्वेस्ट पाठवतात. घेऊ की नको?" पुण्यातल्या एका वस्तीत अभ्यासिका चालवणारा 26 वर्षांचा कार्यकर्ता माझ्याकडे आला, तोवर हे विचारायची वेळ टळून गेली होती. त्याला आपण दादाच म्हणू, वस्तीत सगळे तसंच म्हणतात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

दादाने फोन टेबलावर माझ्यापुढे सरकवला. दहावीतला एक मुलगा आधी नुसत्या रील पाठवायचा, दादा हसरा इमोजी टाकायचा. मग एकदा रात्री एक वीसला मेसेज आला, "दादा, जागा आहेस का?" दादाच्या फोटोवर हिरवा ठिपका दिसत होता, त्यामुळे झोपेचं सोंगही घेता येईना. बाप पिऊन आला की घरात आदळआपट व्हायची, ती थांबली की हा जिन्यात बसून टाइप करायचा. तीन आठवडे रोज. "मॅडम, अभ्यासिकेत हा कधी चार शब्द बोलला नव्हता," दादा म्हणाला. सांगताना त्याला अभिमान वाटत होता, आणि डोळे जागरणाने तांबारले होते.

एका रात्री दादाला झोप लागली. सकाळी पाहतो तर अकरा मेसेज, शेवटचा "ठीक आहे. समजलं." दादा तसाच वस्तीत पळाला. पोरगा नळावर हंडा लावून रांगेत उभा होता. त्याने दादाकडे पाहिलंही नाही.

"सगळ्यांना अनफॉलो करून टाकू का?" दादाने विचारलं.

मी म्हटलं, "तुमचं हे बोलणं चालतं, हे अजून कोणाला माहितीये?"

कोणालाच नाही. संस्थेत नाही, जोडीला काम करणाऱ्या ताईलाही नाही. मुलगा म्हणाला होता, "कुणाला सांगू नकोस," आणि दादाने शब्द दिला होता.

मला खरी काळजी या शब्दाची वाटली. उद्या त्याच मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं असतं तर? मुलांवरच्या लैंगिक अत्याचारासाठी 2012चा पॉक्सो कायदा आहे, त्याच्या कलम 19 प्रमाणे अशी गोष्ट कळलेल्या माणसाला ती पोलिसांना कळवावीच लागते, आणि न कळवणं हा कलम 21 खाली गुन्हा आहे. म्हणजे दादाने न पाळता येणारं वचन दिलं होतं. आम्ही दुसरं वाक्य बसवलं: "तुझं बोलणं मी गावभर करणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे किंवा कोणी तुला त्रास देतंय असं वाटलं, तर मी ते एकटा सांभाळणार नाही. कोणाला सांगतोय ते आधी तुला सांगेन." दादाने ते माझ्यासमोर तीनदा म्हणून पाहिलं. पहिल्या दोन वेळा सरकारी परिपत्रकासारखं वाटलं.

"समजलं" या शब्दाबद्दल मुलाला सरळ विचारायचं, हेही ठरलं. मरायचे विचार येतात का, असं विचारल्याने ते कोणाच्या डोक्यात शिरत नाहीत. दादाने त्याच संध्याकाळी विचारलं. मुलगा म्हणाला, "नाही रे. तू पण कंटाळलास असं वाटलं."

काही संस्था अशा वेळी सोशल मीडियावर सरसकट बंदी घालतात. मला ते पटत नाही. जून 2020 मध्ये टिकटॉक बंद झालं तशी वस्तीतली पोरं रीलकडे वळली, आणि लॉकडाऊनमध्ये कित्येकांशी संपर्क राहिला तो फोनमुळेच. कट्टा तिकडे गेलाय, तर आपणही तिकडे असावं. फक्त संस्थेच्या नावाने. दादाने नवं खातं उघडलं, पासवर्ड त्याच्याकडे आणि ताईकडे. बायोमध्ये लिहिलं: उत्तर सकाळी 10 ते रात्री 8, रात्री गरज पडली तर मुलांची हेल्पलाइन 1098 किंवा मानसिक आरोग्याची हेल्पलाइन टेली-मानस 14416. (इन्स्टाग्राम अठरा वर्षांखालच्यांचे नोटिफिकेशन रात्री दहा ते सकाळी सात बंद ठेवतं, पण आमच्या निम्म्या पोरांनी जन्मसाल खोटं टाकलेलं असतं!)

मुलांनी आपल्याला फॉलो करावं, आपण मुलांना करू नये, हे दादाला जड गेलं. "मग त्यांचं काय चाललंय ते कसं कळणार?" त्याला एका मुलीची गोष्ट सांगितली. तिने काळ्या पडद्यावर एक ओळ लिहून स्टोरी टाकली होती. पाहणाऱ्यांच्या यादीत तिच्या कार्यकर्त्या ताईचं नाव होतं. ताईने बसमध्ये अंगठ्याने सरकवताना ती स्टोरी पाहिली असावी, वाचली नसावी. मुलगी मला म्हणाली, "ताईंनी बघितलं आणि काहीच बोलल्या नाहीत." दोनशे मुलांच्या स्टोऱ्या कोणाला नीट वाचता येणार? आणि नाव तर प्रत्येक यादीत उमटतं.

हा बदल दादाने मुलाला मेसेजवर सांगितला नाही, दिवसा अभ्यासिकेच्या पायरीवर बसून सांगितला. मुलगा चिडला. आठ दिवस फिरकला नाही. दरम्यान त्याला आधी विचारून ताई त्याच्या आईला भेटली, आणि मुलाने बुधवारी माझ्याकडे बोलायला यायचं ठरलं. पहिल्या बुधवारी तो आला नाही, दुसऱ्या बुधवारी अर्धा तास उशिरा आला.

महिन्याभराने नव्या खात्यावर त्याची एक रील आली, रात्री साडेनऊला. सकाळी दहाला ताईने तिला उत्तर म्हणून एक मीम पाठवलं. दुपारी तो अभ्यासिकेत दादाला विचारत होता, "तिकडे ताई पण असते का?"

"असते की."

"मग तिला सांग, ते मीम लय जुनंय."