झाडं लावल्यावर नाला जास्त गढूळ झाला? माझा अनुभव

तुमची पोस्ट वाचली आणि सहा वर्षांपूर्वीचे आमचे दिवस डोळ्यासमोर आले. महूच्या पुढे टेकडीवर दोन वर्षं झाडं लावली, चर खोदले, आणि नाल्याच्या पाण्याची टर्बिडिटी, म्हणजे गढूळपणा, मार्चमध्ये ४ एनटीयू (गढूळपणा मोजायचं एकक) होती ती जुलैमध्ये ६० आली, तर काम चुकलं का, असं विचारताय. मी काही हायड्रोलॉजिस्ट नाही, बँकेतून रिटायर झालेला माणूस आहे, त्यामुळे चूभूद्याघ्या. पण माझ्या मते या दोन आकड्यांवरून काहीच ठरत नाही. मार्चमध्ये वाहतं ते जमिनीत मुरलेलं पाणी, जुलैमध्ये वरून माती घेऊन धावत आलेलं.

आम्ही झाडं लावायला इंदूरहून चोरलच्या बाजूला जायचो, तेही फक्त रविवारी, कारण सगळे नोकरीवाले. सॅम्पल बाटलीत भरायचं, तारीख लिहायची, सोमवारी लॅबमध्ये द्यायचं. हे सगळं नीट केलं, पण शेजारच्या नाल्याचं, जिथे कोणी एक झाडसुद्धा लावलं नव्हतं, त्याचं एकही सॅम्पल घेतलं नाही. बाईकवर दहा मिनिटांवर होता हो तो, दर रविवारी त्याच्यावरूनच जायचो. अमेरिकेत हबर्ड ब्रूक नावाच्या प्रयोगाच्या जंगलात १९६५ मध्ये एका पाणलोटातली सगळी झाडं तोडली आणि पाण्यात नायट्रेट खूप वाढलं, पण ते झाडं तोडल्यामुळे वाढलं असं म्हणता आलं कारण जवळचा दुसरा पाणलोट हात न लावता ठेवला होता आणि त्याचंही पाणी मोजत होते. हे मला नंतर कळलं.

मग व्हायचं तेच झालं. लॅबने रिपोर्टवर पिण्याच्या पाण्याचा स्टँडर्ड लावला (आयएस १०५००, त्यात १ एनटीयू, दुसरा सोर्स नसेल तर ५ पर्यंत चालतं) आणि 'अयोग्य' असा शिक्का मारला. पावसाळ्यातल्या नाल्याला पिण्याचा स्टँडर्ड! ज्या ऑफिसकडून परवानगी होती, नाव घेत नाही, तिथल्या साहेबांनी तो शिक्का बघितला, बाकी काही वाचलं नाही आणि काम थांबवा म्हणून पत्र काढलं. मी चार चकरा मारल्या, प्रत्येक वेळी दुसऱ्या टेबलावर पाठवलं. शेजारचा नाला किती गढूळ आहे याचा आकडा हातात असता तर भांडलो असतो, पण नव्हताच. जुलै-ऑगस्ट वाया गेला, नर्सरीतली रोपं पिशवीतच मुळं गुंडाळून बसली. अजून जीव जळतो.

दुसऱ्या वर्षी एकाच दुपारी, पाऊस पडत असताना, दोन्ही नाल्यांचं पाणी घेतलं. शेजारचा आमच्यापेक्षा जास्त गढूळ निघाला, टर्बिडिटी ट्यूबमध्ये (गढूळपणा बघायची पारदर्शक नळी) नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं.

म्हणून सांगतो, याच पावसात दोन्ही ठिकाणी सॅम्पल घ्या, शक्यतो एकाच तासात. रविवारची वाट बघू नका, वर्षभरातली बहुतेक माती दोन-चार मोठ्या पावसांतच वाहून जाते. पाणी चढत असताना आणि उतरत असताना वेगवेगळी बाटली भरा, चढत्या पाण्यात साधारण जास्त माती असते. पाऊस केव्हा सुरू झाला ते लिहा आणि लॅबवाल्याला बाटली हलवून मगच मोजायला सांगा, नाहीतर तो वरचं निवळ घेईल. आपली काळी माती मात्र इतकी बारीक की रात्रभर ठेवली तरी पाणी गढूळच राहतं.

हेही खरं की नव्या चरांची मोकळी माती पहिल्या पावसाळ्यात थोडी वाहतेच, गवत धरलं की थांबते. गवत धरू द्या, दोन वर्षं तरी गुरं बाहेर ठेवा. आणि काठावरची घाणेरी मेमध्ये एकदम उपटू नका, जमीन उघडी पडते आणि पुढच्याच महिन्यात पाऊस. खड्ड्यात युरिया-डीएपी घालू नका असं माझं ठाम मत आहे, काही लोकांना पटणार नाही, पण नाल्याच्या इतक्या जवळ कशाला.

माझ्याकडे एक ट्यूब पडून आहे. राजवाड्याच्या बाजूला येणं झालं तर मेसेज करा, घेऊन जा, पावसाळा संपला की परत द्या.