पश्चिम गटाचा संघ घराजवळ कसा खेळला?

प्रश्न : माझा भाचा नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात शिकत होता. मार्च २०१८मध्ये एनसीएए (अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांची संघटना) स्पर्धेत त्यांच्या पुरुष बास्केटबॉल संघाला ‘पश्चिम’ गटात दुसरं मानांकन होतं, तरी पहिले सामने त्यांच्याच राज्यात, शार्लटला झाले. हा उघड पक्षपात नाही का? – एक वाचक

उत्तर : पक्षपात नाही, ते कमावलेलं बक्षीस होतं. त्या स्पर्धेचा तक्ता मी वहीत हाताने काढला होता. तो समोर ठेवूनच लिहिते आहे.

आधी मानांकन. विद्यापीठांचे क्रीडासंचालक आणि कॉन्फरन्सचे (हंगामात आपापसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या संघटनेचे) आयुक्त यांची एक समिती असते. कॉन्फरन्सचे विजेते थेट येतात, उरलेले संघ समिती निवडते आणि मग सगळ्या ६८ संघांची पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत एकच यादी लावते. यादीतले पहिले चार संघ चार गटांत पहिल्या मानांकनावर, पुढचे चार दुसऱ्या मानांकनावर, असं खाली उतरत जायचं. मात्र एकाच कॉन्फरन्सचे वरचे संघ शक्यतो एका गटात येऊ द्यायचे नाहीत. तुमच्या भाच्याचा संघ इथेच अडला. त्यांच्याच एसीसी कॉन्फरन्समधला व्हर्जिनिया दक्षिण गटात पहिला होता, म्हणजे तो गट बंद. उरले बाकीचे तीन. मध्य-पश्चिमेत दुसरं मानांकन एसीसीच्याच ड्यूकला मिळालं, पूर्वेत पर्ड्यूला आणि नॉर्थ कॅरोलायना पश्चिमेत गेला.

आता जागा. लोकांचा सगळा गोंधळ इथे होतो, आणि त्यांना दोष देता येणार नाही, कारण गटांची नावं आता दिशाभूल करतात. पूर्वी पश्चिम गटाच्या सुरुवातीच्या फेऱ्याही त्या गटाच्याच केंद्रांवर व्हायच्या. २००२पासून चार-चार संघांच्या चौकड्या करतात : १, १६, ८, ९ या मानांकनांची एक, २, १५, ७, १० ही दुसरी, अशा. आठ शहरं, प्रत्येक शहरात दोन चौकड्या, आणि त्या दोन चौकड्या एकाच गटातल्या असायची गरज नाही. यादीतल्या वरच्या १६ संघांना क्रमाने, जमेल तितकं घराजवळचं शहर देतात. शार्लटला म्हणूनच दक्षिणेतली व्हर्जिनियाची चौकडी आणि पश्चिमेतली नॉर्थ कॅरोलायनाची चौकडी शेजारी शेजारी खेळल्या. हंगामात ज्या मैदानावर तीनपेक्षा जास्त सामने खेळलात (कॉन्फरन्सची स्पर्धा सोडून) ते तुमचं घरचं मैदान, तिथे तुम्हाला पाठवत नाहीत. नॉर्थ कॅरोलायनाचं घर चॅपल हिलला आहे, शार्लट तिथून मोटारीने दोन-अडीच तासांवर. नियम कुठेही मोडलेला नाही.

आणि जवळ असल्याचा उपयोग किती झाला? शुक्रवारी सोळाव्या मानांकनाच्या यूएमबीसीने (मेरिलँड विद्यापीठ, बाल्टिमोर काउंटी) व्हर्जिनियाला ७४-५४ असं हरवलं. पुरुषांच्या स्पर्धेत सोळाव्याने पहिल्याला हरवण्याची ती पहिलीच वेळ. त्या चौकोनात ‘यूएमबीसी’ लिहिताना माझा हात थबकला होता. रविवारी टेक्सस ए अँड एमने तुमच्या भाच्याच्या संघाला ८६-६५ असं धुतलं. ‘पश्चिम’ या शब्दाला अर्थ आला तो तेव्हा : टेक्सस ए अँड एम पुढच्या आठवड्यात पश्चिम गटाच्या पुढच्या फेरीसाठी लॉस एंजेलिसला गेला, आणि दक्षिणेच्या चौकडीतून वर आलेला कॅन्सस स्टेट अटलांटाला.

खरं घरचं मैदान पाहायचं तर महिलांची स्पर्धा बघा. तिथे वरचे १६ संघ पहिल्या दोन फेऱ्या स्वतःच्याच मैदानावर खेळवतात. मला हे मनापासून आवडतं. हंगामभर येणाऱ्या प्रेक्षकांपुढे खेळायला मिळणं हा त्या मुलींचा हक्क आहे. पण तिथेही खात्री नाही. १९९८मध्ये सोळाव्या मानांकनाच्या हार्वर्डने पहिल्या मानांकनाच्या स्टॅनफर्डला त्यांच्याच मैदानावर ७१-६७ असं हरवलं होतं. स्टॅनफर्डच्या दोन मुख्य खेळाडू तेव्हा जखमी होत्या, हेही सांगायला हवं.

भाच्याला सांगा, पुढच्या वेळी तक्ता जाहीर झाला की आधी मानांकनाचा आकडा आणि पहिल्या सामन्याखालचं शहर वाच. गटाचं नाव दुसऱ्या आठवड्याची विमानाची तिकिटं काढताना लागेल.