देव ‘सुंदर’ की ‘देखणा’?

खानापूरच्या एका वाचकाने विचारलंय: “शेजारच्या ख्रिस्ती घरी प्रार्थनेला गेलो होतो. देवाला ‘सुंदर’ म्हणाले. देव डोळ्यांना दिसत नाही म्हणतात, मग सुंदर कसा? शब्द चुकला का?”

नाही चुकला. आपला कान विठोबाच्या रूपावर घडलेला, त्यामुळे ‘सुंदर’ म्हटलं की आपण आधी मूर्ती शोधतो. पण खास डोळ्यांचा शब्द आहे ‘देखणा’. तो ‘देखणे’तूनच आलाय. शेजाऱ्यांनी देवाला देखणा म्हटलं असतं तर मीही अडखळलो असतो.

बेळगावकराला हे कळायला लांब जायला नको. चन्नम्मा सर्कलवरून आपली रोजची ये-जा. कित्तूरच्या त्या राणीच्या नावातला कन्नड ‘चेन्न’ म्हणजे सुंदर, आणि चांगलासुद्धा. (रोजच्या बोलण्यात इकडचा कन्नड माणूस ‘छलो ऐती’ (चांगलं आहे) म्हणेल, ते वेगळं.) आपलंही तसंच: ‘स्थळ चांगलं आहे’ आणि ‘मुलगी दिसायला चांगली आहे’, शब्द एकच.

ग्रीक ‘कालोस’ या शब्दाचंही हेच. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात, १०व्या अध्यायात, येशू स्वतःला मेंढपाळ म्हणवतो तेव्हा मूळ ग्रीकमध्ये त्याला हेच विशेषण आहे. मराठीत ‘उत्तम मेंढपाळ’ झालं. चूक नाही, पण मेंढरांसाठी जीव देणाऱ्याची ती करणी सुंदरही आहे, ही छटा गळली. ‘चांगला मेंढपाळ’ केलं असतं तर निदान कडेकडेनं राहिली असती, असं मला वाटतं. बायबलमधल्याच २७व्या स्तोत्रात परमेश्वराचं सौंदर्य पाहत राहण्याची इच्छा आहे. तिथला हिब्रू ‘नोअम’ तर गोडव्याकडेच झुकतो.

खरी कसोटी बायबलमधल्या यशया या पुस्तकाच्या ५३व्या अध्यायात. तिथल्या दुःख सोसणाऱ्या सेवकाला ना रूप, ना पाहावंसं वाटावं असं काही. ख्रिस्ती लोक हे वर्णन क्रुसावरच्या येशूला लावतात आणि त्यालाच सुंदर म्हणतात. ‘देखणा’ इथं साफ मोडतो.

आता थोडं व्याकरण. इ. स. ४०० च्या सुमारास ख्रिस्ती धर्मचिंतक संत ऑगस्टीन ‘हे सौंदर्या, तुझ्यावर फार उशिरा प्रेम केलं’ अशी देवाला हाक मारतो. विशेषण नाही, थेट नाम! फूल सुंदर असतं म्हणजे त्याला सौंदर्य मिळालेलं असतं, संध्याकाळी जातंही. देवाला ते कुठून मिळालेलं नाही, तो स्वतःच ते आहे, अशी ही श्रद्धा. शेजाऱ्यांनी ‘सुंदर’ म्हटलं ते बोलायला सोपं म्हणून.