आदी मी खायाची

दहिवडी,
रविवार, सकाळ

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

आईवरच्या भाषणाची तुझी आठ पानं मिळाली. निवड झाल्याचे पेढे मागेच खाल्ले आहेत, तेव्हा आता थोडं कडू बोलायला हरकत नाही.

गावच्या सत्कारात वाचायचं भाषण म्हणून हे चालून जाईल. बायका पदर डोळ्यांना लावतील, सरपंच तुझ्या पाठीवर थाप मारतील. पण तू वर लिहिलं आहेस, ‘सर, नीट तपासा’. म्हणून जुन्या सवयीने लाल पेन काढलं. ‘त्याग’ अकरा वेळा. ‘माउली’ नऊ वेळा. ‘पोटाला चिमटा’ चार वेळा. तुझे वडील गेले तेव्हा तू सात वर्षांचा होतास, भाऊ दहाचा. त्यानंतरच्या पहिल्या महिन्यात घरात पैसा कुठून आला, हे मात्र आठ पानांत कुठेच नाही.

रागावू नकोस. हीच चूक मी केली आहे, आणि तीही छापून.

नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील. शाळेच्या वार्षिक अंकात मी आईवर लेख लिहिला. अंक घेऊन घरी गेलो. ती उंबऱ्याशी बसून हुलगे पाखडत होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच मोठ्याने वाचायला लागलो. ‘स्वतः उपाशी राहून तिने आम्हा दोघा भावांना’ इथवर आलो आणि सूप थांबलं.

“उपाशी कवा ऱ्हायले रं मी?”

मी गप्प.

“आदी मी खायाची. मग तुमास्नी. मी पडले असते तर दोघास्नी कुणी बघितलं असतं? बैलाला वैरण आदी घालत्यात, मग औताला जुपत्यात.”

आणि पुन्हा पाखडायला लागली. पुढचा लेख तिने ऐकला नाही, मीही वाचला नाही.

माझे वडील १९७० साली गेले. दोन वर्षांत बहात्तरचा दुष्काळ आला. तुम्ही मुलं ‘दुष्काळ’ म्हणजे टँकर समजता. तेव्हा माणदेशात रस्त्यांची, पाझर तलावांची, नालाबांधाची कामं निघाली होती आणि गावंच्या गावं खडी फोडायला बसली होती. रोजगार हमीचा कायदा नंतरचा, १९७७ चा. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यातली ती योजना पुढे देशभर गेली, पण आमच्याकडे त्या वेळी नुसतं ‘दुष्काळी काम’ म्हणायचे. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी मिळायची, तिची भाकरी घशाखाली उतरत नसे. कामावर सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचं खाणं, वाटायचे. आई ती तिथेच बसून खायची. उरली तर पदराला बांधून घरी. लहानपणी मला याचं वाईट वाटे, की आमच्यासाठी राखून का आणत नाही. बाकीच्यांच्या आया आणत. त्यांतल्या एक-दोघी उन्हाळ्यात कामावरच चक्कर येऊन पडल्या. माझी आई पडली नाही.

तिने सायकलच्या फाटक्या ट्यूबचे तुकडे कापून बोटांना गुंडाळले होते. खडीची कपची डोळ्यात जाऊ नये म्हणून पदर नाकापर्यंत ओढून घ्यायची. लोकांना वाटे, विधवा बाई मर्यादेने वागते.

मजुरी मापावर. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. खडीचा ढीग खाली रुंद, वर अरुंद असतो, आणि मुकादम टेप फक्त वर लावायचा. आईला आकडे लिहिता येत नव्हते, पण आपलं माप मारलं जातंय हे तिला नजरेने कळलं. मी सहावीत होतो. मला तिने ढिगापाशी नेऊन उभं केलं आणि विचारलं, शाळेत काय शिकवत्यात, ह्येचं खरं माप सांग. मी वरची रुंदी घेतली, खालची घेतली, दोन्ही मिळवून निम्मी केली, लांबी-उंचीने गुणलं. दुसऱ्या दिवशी तिने ते मुकादमासमोर माझ्याकडून पुन्हा करून घेतलं, सगळ्या बायकांच्या देखत. त्याने शिव्या घातल्या, पण त्या आठवड्यापासून टेप खालीही लागला. चाळीस वर्षं गणित शिकवलं मी. घनफळाचा तास असला की मला तो ढीग दिसायचा. लेखात मात्र लिहिलं काय, तर ‘अपार कष्ट’. कष्ट तर मुकादमाच्या गाढवानेही केले असतील!

तुझ्या आईकडे असले ढीग नसतील असं मला वाटत नाही. शोध.

कागदांपासून सुरुवात कर. आता तू महसूल खात्यातच जाणार, तेव्हा हा अभ्यास तसाही कामाला येईल. तुमच्या जमिनीचा सातबारा आज मोबाइलवर दिसतो, पण तेवढ्यावर थांबू नकोस. वडिलांनंतर वारस नोंद झाली त्या फेरफाराचा उतारा काढ. कुणाचं नाव लागलं, कधी लागलं, किती महिन्यांनी, कुणी हरकत घेतली, सगळं तिथे असतं. आमच्या वेळी तलाठी म्हणाले होते, मुलांची नावं लावतो, तुमचं पालनकर्ता म्हणून राहील. सातबाऱ्यावर ‘अ.पा.क.’ लिहितात ना, अज्ञान पालनकर्ता, म्हणजे अल्पवयीन मुलांचा पालनकर्ता, ते. म्हणजे मुलं सज्ञान झाली की आई कागदावरून गेली. खरं तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने नवऱ्याच्या हिश्श्यात बायकोला मुलांइतकाच वाटा आहे. हे आईला कुणी सांगितलं? कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या एका अर्जनवीसाने. दोन कोंबड्या घेतल्या त्याने. तिने स्वतःचं नाव वारस म्हणून लावून घेतलं, चुलते वर्षभर बोलले नाहीत. दोन कोंबड्यांत अडीच एकर, असं ती पुढे हसून सांगायची.

तुझ्या आईला निराधार योजनेचे पैसे मिळायचे, हे तू लिहायचं टाळलंस. साहेब झालेल्या मुलाला लाज वाटली असेल, समजतो. पण संजय गांधी योजनेसाठी वर्षाचं उत्पन्न एकवीस हजारांच्या आत दाखवावं लागतं आणि दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे आपण गरीब आहोत आणि अजून जिवंत आहोत, या दोन्ही गोष्टी ती बाई दर वर्षी सरकारला पटवून देत होती. त्यासाठी किती खेपा झाल्या, त्या दिवसाची मजुरी कुणी दिली, रांगेत तुम्ही दोघं बरोबर होतात का? उद्या त्या खिडकीच्या आतल्या बाजूला तू बसणार आहेस. हे पान भाषणात नसलं तरी चालेल, पण तुला माहीत असायला हवं.

‘तिने आमच्यासाठी दुसरं लग्न केलं नाही’ असं तू ठामपणे लिहिलंस. तिला विचारलंस? आपल्याकडे बऱ्याच समाजांत पाट लावायची, म्होतराची, म्हणजे विधवेच्या दुसऱ्या लग्नाची चाल होती. मुलं बहुधा बापाच्या घरी ठेवून बाई जायची. माझ्या आईला दोन ठिकाणांहून विचारणा आली होती. मोठेपणी मी एकदा धीर करून विषय काढला. मला वाटलं, डोळे भरतील, म्हणेल तुमच्यासाठी. ती म्हणाली, “एक पुरुष सांभाळून झाला हुता.” वडील दारू प्यायचे, हे त्या दिवशी मला पन्नाशीत कळलं. प्रत्येकीचं कारण असंच असतं असं मी म्हणत नाही. तुझ्या आईचं खरंच तुम्हीच असाल. पण ते तिच्या तोंडून येऊ दे.

शेवटी तू लिहिलं आहेस की व्यासपीठावर सगळ्यांसमोर आईला कुंकू लावणार. हेतू चांगला आहे. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ ला ठराव केला, कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र-जोडवी काढणं बंद, आणि त्याच महिन्यात सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. मला त्याचा आनंदच झाला. पण अठरा वर्षं मोकळं कपाळ घेऊन ज्या बाईने गावात दिवस काढले, तिच्या कपाळावर तू माइक चालू असताना सुधारणा करू नकोस. आदल्या रात्री घरात विचार. ‘हो’ म्हणाली तर लाव. ‘नको’ म्हणाली तर का, ते विचारू नकोस. आणि तुझं औक्षण कुणी करायचं हे आयोजकांनी ठरवायच्या आत तूच सांगून टाक: आई करेल. चुलती ताट घेऊन पुढे आणि आई मागे भिंतीला टेकून, हे चित्र मी फार सत्कारांत पाहिलं आहे.

आता ज्या वाक्याखाली मी दोनदा रेघ मारली आहे ते. ‘भावानेही मोलाची साथ दिली.’ आठ पानांत त्याच्यावर चार शब्द? तो दहावीनंतर दुधाच्या गाडीवर लागला तेव्हा तू आठवीत होतास. दोन मुलगे, आणि शिकवण्याची ऐपत एकाची. हा निर्णय कुणीतरी घेतला ना? आपोआप नाही झाला.

आमच्या घरी तो आईने घेतला. १९७३ ला दादा मुंबईला मशीद बंदरात पोती उचलायला गेला. इकडचे पुष्कळ जण तेव्हा तिथेच जात, माथाडी कायदा होऊन चारच वर्षं झाली होती. मी शाळेत राहिलो. मी हुशार म्हणून मला ठेवलं, असं मी आयुष्यभर धरून चाललो होतो. एकदा दिवाळीत तिच्यासमोर तसं बोलूनही गेलो. ती म्हणाली, “हुशार थोरला हुता. तुझ्या खांद्याला पोतं पेललं नसतं.” दादा तिथेच बसला होता. कान कोरत राहिला, वर बघितलं नाही. त्याला हे आधीच माहीत होतं का, हे मी अजून विचारलेलं नाही.

तेव्हा असं कर. भाषणाला अजून पंधरा दिवस आहेत. आईसमोर वही घेऊन बसू नकोस, ती लगेच ‘माझं काय एवढं’ म्हणेल. शेंगा फोडायला बस तिच्याबरोबर. हात चालू असले की बायका खरं बोलतात, आणि तूही खाली बघत असशील तर बरं. ती तुम्हाला मारायची का, कुणावर जास्त जीव होता, कधी खोटं बोलली, कधी स्वतःसाठी काय घेतलं, सगळं येऊ दे. त्यातलं किती वाचायचं ते तीच ठरवेल. आणि भावाबरोबर एक दिवस पहाटे गाडीवर जा, सगळे दूध घालणारे होईपर्यंत.

दादा पुढच्या आठवड्यात मुंबईहून येतो आहे. या पत्राची प्रत मी ठेवली आहे, त्याला वाचून दाखवणार आहे. त्याने काही खोडलं तर कळवतो.

तुझा,
सर