लंडनची घोड्यांची ट्राम : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : लंडनमधली १८६१ची ट्राम लगेच बंद का पडली? लोकांना ती नको होती का?

उत्तर : बसणाऱ्यांना हवी होती. नको होती ती बग्गीवाल्यांना, आणि त्यांची तक्रार खरी होती. जॉर्ज फ्रान्सिस ट्रेन या अमेरिकन उद्योजकाने १८६०मध्ये इंग्लंडमधल्याच बर्कनहेड गावात ट्राम चालवून दाखवली आणि मार्च १८६१मध्ये लंडनच्या मार्बल आर्चपासून बेजवॉटर रोडवर रूळ टाकले. त्या रुळांची एक कड रस्त्याच्या वर राहायची. ट्राम सुरळीत जायची, पण बग्गी तिरकी वळली की तिचं चाक त्या कडेवर आपटायचं. बग्ग्यांचे मालक वजनदार लोक. जॉर्ज ट्रेन यांच्यावर रस्ता खराब केल्याचा खटला झाला आणि पुढच्या वर्षापर्यंत रूळ उखडले गेले.

मला हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. खाचेचा रूळ तेव्हा तयार होता. अल्फोन्स लुबा या फ्रेंच अभियंत्याने १८५३मध्येच पॅरिसला तो वापरून दाखवला होता. चाकाची कड खाचेत उतरते, रूळ रस्त्याशी सपाट राहतो, कुणाचं चाक अडत नाही. बर्कनहेडने पुढे असेच रूळ घातले आणि तिथली ट्राम टिकली. लंडनची नऊ वर्षं मात्र फुकट गेली.

प्रश्न : मग लंडनमध्ये ती परत कधी आली?

उत्तर : मे १८७०मध्ये, ब्रिक्स्टन ते केनिंग्टन. त्याच वर्षी ट्रामचा कायदा झाला. रुळांमधल्या आणि दोन्ही बाजूंच्या १८ इंच रस्त्याची डागडुजी कंपनीच्या गळ्यात पडली.

प्रश्न : दोनच घोडे एवढी माणसं कशी ओढत?

उत्तर : लोखंडावर लोखंडी चाक फार कमी अडतं. दोन घोड्यांच्या साध्या बसमध्ये सुमारे २६ माणसं बसत, दुमजली ट्राममध्ये ४६च्या आसपास. घोड्यांचा दम निघायचा तो थांबलेली गाडी हलवताना, आणि ती तर दर थोड्या अंतरावर थांबायची. चढावर जादा घोडा जुंपत. एक जोडी दिवसाला चार-पाच तासच चालवत, म्हणून एका ट्राममागे पागेत दहा-अकरा घोडे लागत. कंपनीचा मोठा खर्च दाणावैरणीचा.

प्रश्न : मुंबईची ट्राम लंडनवरूनच आली का?

उत्तर : चालवणारी स्टर्न्स अँड किट्रेज कंपनी अमेरिकनांची होती. ९ मे १८७४ला कुलाबा ते पायधुणी ट्राम धावली, १९०७मध्ये विजेची आली. लंडनमध्ये घोडे १९१५पर्यंत राबत होते.