कॅल्विन चक्र, म्हणजे हिरव्या पेशीत हवेतल्या कार्बनची साखर होण्याची प्रक्रिया, शोधायला शेवाळच का वापरलं? झाडाचं पान का नाही?

कारण पान फार सावकाश मरतं. ऐकायला विचित्र वाटेल, पण उत्तराचा गाभा तोच आहे.

1940 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात मेल्विन कॅल्विन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशम एकाच गोष्टीच्या मागे होते: हवेतला कार्बन हिरव्या पेशीत शिरला की सगळ्यात आधी कोणत्या रेणूत जाऊन बसतो? माग काढायला किरणोत्सारी कार्बन-14 हाताशी होता, 1940 मध्ये तिथेच सापडलेला. अडचण वेळेची होती. अर्ध्या मिनिटात तो कार्बन डझनभर पदार्थांत पसरलेला असायचा. पहिली पायरी पकडायची तर हजारो पेशींना एकाच क्षणी कार्बन मिळायला हवा आणि पाच सेकंदांत त्या सगळ्या एकदम थांबायला हव्यात. पानात वायू रंध्रांतून झिरपत जातो, आतल्या पेशीला तो उशिरा मिळतो. पेशींना मारून थांबवणारं अल्कोहोलही तसंच उशिरा पोचतं.

क्लोरेला हे एकपेशीय शेवाळ, पाण्यात सुटं तरंगणारं. एमएस्सीला मी ते वाढवलं आहे. काही दिवसांत चंबू हिरवागार होतो आणि पिपेटमध्ये घेतलेला प्रत्येक थेंब आधीच्या थेंबासारखाच असतो. शंभर पानं तोडली तरी इतकं एकसारखं साहित्य मिळत नाही.

त्यांनी ते एका चपट्या गोल काचपात्रात ठेवलं. पात्र दिसायला लॉलिपॉपसारखं, म्हणून नावही तेच पडलं. दोन्ही बाजूंनी दिवे. कार्बन-14 ने खूण केलेलं बायकार्बोनेट सोडायचं, सेकंद मोजायचे आणि खालची तोटी उघडायची. शेवाळ थेट गरम अल्कोहोलमध्ये पडतं, विकरं, म्हणजे पेशीतल्या क्रिया घडवणारी प्रथिनं, जागच्या जागी बंद. मग तो अर्क गाळणकागदावर दोन दिशांनी पसरवायचा आणि कागद क्ष-किरणांच्या फिल्मला लावून ठेवायचा. जिथे कार्बन-14 तिथे काळा डाग. वेळ कमी करत नेली तसे डाग कमी होत गेले आणि शेवटी एकच ठळक उरला: फॉस्फोग्लिसरिक आम्ल, तीन कार्बनचं.

इथे सगळे चकले, आणि मला हा भाग सगळ्यात आवडतो. तीन म्हणजे दोनात एक मिळवलेला, असा सरळ हिशेब करून दोन कार्बनचा रेणू शोधण्यात बराच काळ गेला. तो नव्हताच. पाच कार्बनच्या साखरेत एक मिळून सहा होतात आणि त्याचे लगेच तीन-तीनचे दोन तुकडे पडतात. दिवा बंद केला की तीनवाला साचतो आणि पाचवाला संपत जातो, हे शेवाळातच दिसलं. प्रकाशाशिवाय पाचवाला परत तयार होत नाही, म्हणजे हे चक्र आहे, हे त्यातून पक्कं झालं.

1961 चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या कॅल्विनला मिळालं. ते डाग ओळखण्यातलं बेन्सनचं काम पाहता मला ते अन्यायाचं वाटतं. म्हणून वर्गात मी नेहमी कॅल्विन-बेन्सन चक्र असंच शिकवते.

पुढे उसावर असाच प्रयोग झाला, तेव्हा पहिला डाग चार कार्बनचा आला! उसाच्या पानात दोन प्रकारच्या पेशी हे काम वाटून घेतात. ती वाटणी क्लोरेलाच्या सुट्या पेशीत दिसणं शक्यच नव्हतं. त्यासाठी पानाकडेच जावं लागलं.